सहकाऱ्याचे गुपित आणि खटल्याचे भवितव्य : एका दूरचित्रवाणी भागाच्या निमित्ताने

प्रस्तावना

गुन्हेशोधाच्या कथेत रहस्य परंपरेने गुन्हेगारापाशी असते आणि ते उलगडणे हे शोध घेणाऱ्याचे काम असते. न्यायसहायक विज्ञानावर आधारलेल्या दूरचित्रवाणी मालिकांनी या जुन्या रचनेत एक लक्षणीय भर घातली. या मालिकांतून प्रयोगशाळेतील माणसापाशीही लपविण्यासारखे काहीतरी असते, आणि ते उघड होताच आरोपीविरुद्धचा पुरावाच डळमळू लागतो. मालिकेच्या दृष्टीने हा केवळ एक नाट्यमय प्रसंग असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो पुराव्याच्या विश्वासार्हतेचा अत्यंत मूलभूत प्रश्न होय. प्रस्तुत लेखात अशा एका भागाच्या आधारे हा प्रश्न समजावून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

मराठी प्रेक्षकास न्यायवैद्यक तज्ज्ञाचा परिचय झाला तो प्रामुख्याने १९९८ साली सुरू झालेल्या ‘सीआयडी’ या हिंदी मालिकेतील डॉ. साळुंखे यांच्यामुळे. डॉ. साळुंखे यांचा निष्कर्ष उलटतपासणीत कोणी खोडून काढला, असे या मालिकेच्या नियमित प्रेक्षकास क्वचितच आठवेल. कारण उघड आहे. मालिकेचा भाग बहुधा गुन्हेगाराच्या कबुलीपाशी संपतो, न्यायालयाच्या दारापर्यंत जातच नाही. (पोलिसांसमोर दिलेली कबुली भारतीय कायद्यानुसार आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, ही गोष्ट त्या उत्साहात मागे पडते.) अमेरिकन ‘सीएसआय : क्राइम सीन इन्व्हेस्टिगेशन’ ही मालिका मात्र अधूनमधून प्रेक्षकास न्यायालयात नेते, आणि तेथेच तिच्या पात्रांची खरी परीक्षा होते.

मालिका आणि तिच्यातील प्रसंग

अँथनी झुयकर यांनी निर्माण केलेली ‘सीएसआय’ ही मालिका ६ ऑक्टोबर २००० रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर सुरू झाली आणि २०१५ पर्यंत, पंधरा मोसम, चालली. लास वेगास शहरातील पोलीस प्रयोगशाळेचे रात्रपाळीतील पथक हा तिचा विषय. जुगारासाठी जगप्रसिद्ध असलेले शहर आणि त्यात जुगाराचे व्यसन असलेला वॉरिक ब्राउन हा न्यायसहायक अन्वेषक, ही योजना पहिल्याच भागात करण्यात आली आहे. नव्याने रुजू झालेल्या हॉली ग्रिब्स या तरुणीसोबत राहण्याची जबाबदारी वॉरिकवर असते. एका न्यायाधीशासाठी पैज लावण्याकरिता तो तिला चोरी झालेल्या घरात एकटी सोडून जातो. त्याच वेळी तिच्यावर गोळीबार होतो आणि दुसऱ्या भागात तिचा मृत्यू होतो. पथकाचा नवा प्रमुख गिल ग्रिसम वॉरिकला सेवेतून काढत नाही. चौकशी होते, परंतु माणूस आणि त्याचे गुपित ही दोन्ही पथकातच राहतात.

एका चांगल्या सहकाऱ्यास सावरून घेणे ही प्रेक्षकास आवडणारी गोष्ट आहे, आणि मालिकेने ती संयमाने रंगविली आहे. परंतु त्या निर्णयाची किंमत कोणी मोजावयाची, हा प्रश्न तेथे अनुत्तरित राहतो. तो पुन्हा उभा राहतो २००२ साली, तिसऱ्या मोसमातील ‘द अक्यूज्ड इज एन्टायटल्ड’ या भागात. शीर्षकाचा अर्थ ‘आरोपीस हक्क आहे’ असा करता येईल. खुनाचा आरोप असलेला एक प्रसिद्ध चित्रपट अभिनेता टॉम हॅविलँड याच्या बचावासाठी महागडे वकील उभे राहतात आणि ते चक्क ग्रिसमच्या जुन्या गुरूस, फिलिप जेरार्ड या तज्ज्ञास, आपल्या बाजूने नेमतात. खटला चालविण्याइतपत पुरावा आहे किंवा नाही हे ठरविण्यासाठी होणाऱ्या प्राथमिक सुनावणीत बचाव पक्षाचा रोख आरोपीच्या निरपराधित्वावर फारसा नसतो. तो असतो पुरावा गोळा करणाऱ्या माणसांवर. वॉरिकची जुगाराची पार्श्वभूमी तेथे उकरून काढली जाते. इतर सहकाऱ्यांच्या खाजगी आयुष्यातील प्रसंगही उलटतपासणीत येतात. ज्यांनी इतरांची आयुष्ये भिंगाखाली धरली, त्यांची स्वतःची आयुष्ये भिंगाखाली येतात.

प्रेक्षकाची सहानुभूती अर्थातच पथकाकडे असते. बचावाचे वकील चिखलफेक करीत आहेत, असे त्यास वाटावे अशीच मांडणी आहे. येथे मालिका काहीशी अन्याय करते असे म्हणावे लागेल. वकिलाने विचारलेला प्रश्न कितीही अप्रिय असला तरी तो अप्रस्तुत नाही. कर्तव्यावर असताना जुगाराच्या टेबलाकडे वळलेला माणूस त्या रात्री घटनास्थळावर किती वेळ होता, त्याच्या ताब्यातील वस्तू त्या काळात कोठे होत्या, हे विचारण्याचा आरोपीस हक्क आहे. भागाचे शीर्षकच तसे सांगते.

गुपिताने पुराव्याचे नेमके काय बिघडते?

रक्ताच्या डागातील डीएनए अन्वेषकाच्या व्यसनामुळे बदलत नाही. बोटाच्या ठशाच्या रेषा तपासनिसाच्या कर्जामुळे वाकड्या होत नाहीत. मग सहकाऱ्याच्या गुपिताने खटला धोक्यात का यावा, असा प्रश्न विज्ञान शाखेतील अध्यापकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

याचे उत्तर पुरावा न्यायालयात कसा पोहोचतो यात आहे. न्यायाधीशापुढे किंवा ज्युरीपुढे डीएनए येत नाही. त्यांच्यापुढे येतो एक कागद, त्यावरील सही आणि सही करणाऱ्याची साक्ष. ही वस्तू अमुक ठिकाणी मिळाली, ती मी सीलबंद केली, सील अभंग असताना माझ्याकडे आली, मी अमुक चाचणी केली आणि अमुक निष्कर्ष आला, अशी ही विधानांची साखळी असते. आपल्याकडील पंचनामा, लाखेची मोहोर, मुद्देमालाच्या नोंदवहीतील आवक-जावक या सर्वांचा हेतू तोच. साखळीतील प्रत्येक दुवा हे कोणा तरी माणसाचे विधान असते आणि विधान हे माणसाइतकेच विश्वसनीय असते.

‘सीएसआय’च्या तिसऱ्या मोसमात गुपिताचे तीन वेगवेगळे प्रकार एकत्र आलेले दिसतात. वॉरिकचे गुपित हे वर्तनाचे आहे आणि ते त्याच्या प्रामाणिकपणावर प्रश्नचिन्ह लावते. ग्रिसमला आनुवंशिक विकारामुळे ऐकू येईनासे होत आहे आणि तो ही गोष्ट सहकाऱ्यांपासून बराच काळ लपवितो. हे क्षमतेचे गुपित आहे. त्यात लाजिरवाणे काही नाही, परंतु चौकशीत ऐकलेल्या शब्दाविषयी साक्ष देणाऱ्याच्या बाबतीत ते महत्त्वाचे ठरू शकते. कॅथरीन विलोज हिचे प्रकरण तिसऱ्या प्रकारात मोडते. खुनाच्या प्रकरणात संशयाखाली आलेला कॅसिनोमालक सॅम ब्राउन हाच आपला जन्मदाता आहे, हे तिला २००३ मध्ये या मोसमाच्या अखेरीस डीएनएच्या तुलनेतून कळते. हे हितसंबंधाचे गुपित होय, आणि तिघांत कायद्यास सर्वांत कमी सहन होणारे. खोटेपणा सिद्ध करावा लागतो, अक्षमता तपासावी लागते. हितसंबंध नुसता असला तरी पुरे होतो.

मालिकेतील आणखी एक सोय येथे नोंदविणे आवश्यक आहे. या पथकातील माणसे घटनास्थळावरील वस्तू गोळा करतात, प्रयोगशाळेत त्यांवर काम करतात, संशयितांची चौकशी करतात आणि साक्षही देतात. वास्तवात ही कामे सामान्यतः वेगवेगळ्या माणसांकडे असतात. कामांच्या या एकत्रीकरणामुळे मालिकेतील एका माणसाचे गुपित एका खटल्याच्या सर्व दुव्यांना ग्रासते. प्रत्यक्षात धोका निराळ्या दिशेने पसरतो. प्रयोगशाळेतील विश्लेषक साखळीच्या एकाच दुव्यावर असतो, परंतु तोच दुवा हजारो खटल्यांत असतो.

लपविलेले सांगण्याचे कर्तव्य

सहकाऱ्याचे गुपित आरोपीस सांगण्याचे कर्तव्य कोणावर आहे? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने दिले. १९६३ मधील ‘ब्रॅडी विरुद्ध मेरीलँड’ या निर्णयाने आरोपीस अनुकूल असलेला महत्त्वाचा पुरावा सरकार पक्षाने दडवून ठेवणे घटनाबाह्य ठरविले. १९७२ मधील ‘गिग्लिओ’ निर्णयाने साक्षीदाराच्या विश्वासार्हतेस बाध आणणारी माहितीही याच तत्त्वाखाली आणली. १९९५ मधील ‘काइल्स विरुद्ध व्हिटली’ या निर्णयाने त्याही पुढचे पाऊल टाकले. आपणास ठाऊक नव्हते, असे सरकारी वकिलास म्हणता येणार नाही. सरकारच्या वतीने काम करणाऱ्या इतरांना, पोलिसांसह, काय ठाऊक आहे हे जाणून घेणे हेही त्याचे कर्तव्य ठरले. म्हणजे सहकाऱ्याचे गुपित पथकात राहिले तरी कायदा ते सरकार पक्षास ज्ञात होते असे मानू शकतो. ग्रिसमने वॉरिकला पोटात घातले, त्याकडे या दृष्टीने पाहिल्यास ती कृती केवळ उदारपणाची राहत नाही.

२००९ मध्ये ‘मेलेंडेझ-डियाझ विरुद्ध मॅसॅच्युसेट्स’ या प्रकरणात पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने न्यायालयाने ठरविले की, प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र हीदेखील साक्षच आहे. म्हणून ते तयार करणाऱ्या विश्लेषकाची उलटतपासणी करण्याचा हक्क आरोपीस आहे. बहुमताचा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी उलटतपासणीमुळे लबाड विश्लेषकाबरोबरच अकुशल विश्लेषकही उघडा पडू शकतो, या आशयाचे प्रतिपादन केले. ज्या राज्याविरुद्ध हा निर्णय झाला, त्याच राज्यातील दोन प्रयोगशाळांत त्या वेळी काय चालले होते हे पुढे उघड झाले.

मॅसॅच्युसेट्समधील दोन प्रयोगशाळा

बोस्टनमधील जमैका प्लेन भागातील राज्य प्रयोगशाळेत अ‍ॅनी डूखन ही रसायनतज्ज्ञ २००३ पासून अमली पदार्थांच्या नमुन्यांचे विश्लेषण करीत होती. तिच्या कामाचा वेग इतरांच्या कितीतरी पट होता आणि वरिष्ठांना त्याचे कौतुक होते. काही सहकाऱ्यांना शंका आल्या व त्यांनी त्या बोलूनही दाखविल्या. तिने अनेक नमुने चाचणी न करता केवळ डोळ्यांनी पाहून निकालात काढले होते. जून २०११ मध्ये तिने ९० नमुने नोंद न करता मुद्देमाल कक्षातून बाहेर नेल्याचे आढळले आणि नोंदवहीत दुसऱ्याच्या नावाची आद्याक्षरे मागाहून घातली गेली. रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी असल्याचा तिचा दावाही खोटा निघाला. ऑगस्ट २०१२ मध्ये ही प्रयोगशाळा बंद करण्यात आली. २०१३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला व तिला तीन ते पाच वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्याशी संबंधित २१ हजारांहून अधिक खटले रद्द केले.

दुसरे प्रकरण मालिकेतील गुपिताच्या अधिक जवळचे आहे. त्याच राज्यातील अ‍ॅम्हर्स्ट येथील लहानशा प्रयोगशाळेत सोन्या फराक ही रसायनतज्ज्ञ स्वतःच व्यसनाधीन होती. तुलनेसाठी ठेवलेल्या प्रमाणित अमली द्रव्यापासून तिने सुरुवात केली आणि पुढे पोलिसांकडून आलेल्या मुद्देमालातूनही पदार्थ काढू लागली. ही सुरुवात २००४-०५ च्या सुमारास झाली असे तिनेच नंतर सांगितले. जानेवारी २०१३ मध्ये नमुने जागेवर नसल्याचे सहकाऱ्याच्या लक्षात आले तेव्हा तिला अटक झाली. मधली आठ वर्षे ती नमुने तपासत होती, अहवालांवर सही करीत होती आणि त्या सहीवर माणसे तुरुंगात जात होती.

मालिकेच्या हिशेबाने गुपित उघड झाले की कथा संपते. येथे ती संपली नाही. फराकच्या मोटारीत तिच्या व्यसनोपचारासंबंधीचे काही कागद सापडले होते. तिचे व्यसन बरेच आधीपासूनचे असल्याचे त्यांतून दिसत होते. हे कागद राज्याच्या महाअधिवक्त्याच्या कार्यालयाकडे होते. तरीही तिचा गैरप्रकार अटकेपूर्वीच्या काही महिन्यांपुरताच होता, अशी समजूत न्यायालयात रूढ झाली आणि त्याआधीच्या आरोपींच्या याचिका त्या आधारावर फेटाळल्या गेल्या. २०१४ च्या उत्तरार्धात एका बचाव वकिलाने मुद्देमालाची स्वतः पाहणी करण्याचा हट्ट पुरा करून घेतला, तेव्हा ते कागद हाती लागले. २०१७ मध्ये न्यायाधीशांनी दोन माजी साहाय्यक महाअधिवक्त्यांचे वर्तन ही न्यायालयाची फसवणूक असल्याचा निष्कर्ष काढला. २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने केवळ फराकने तपासलेलीच नव्हे, तर तिच्या तेथील कार्यकाळातील मेथअ‍ॅम्फेटामीनची सर्व प्रकरणे, आणि २००९ पासून तेथे सह्या झालेली इतर प्रकरणेही, रद्द केली. इतर रसायनतज्ज्ञांनी कदाचित चोख काम केले असेल. परंतु ज्या द्रव्याशी नमुन्यांची तुलना करावयाची, तेच द्रव्य भेसळीचे असू शकते असे म्हटल्यावर चोख कामासही आधार उरला नाही.

या दोन्ही प्रकरणांत निरपराध किती आणि अपराधी किती, हे आता कोणासही सांगता येणार नाही. खऱ्या अपराध्यांचीही सुटका झाली असणे शक्य आहे. गुपितामुळे खरा आणि खोटा पुरावा वेगळा करण्याचे साधनच नाहीसे होते. नमुना शिल्लक असेल तर फेरतपासणी होऊ शकते, मात्र ज्याने नमुना हाताळला त्यानेच त्यात काही मिसळले असण्याची शक्यता असेल, तर फेरतपासणी तरी कशाची करावयाची?

मालिका आणि वास्तव यांतील सर्वांत मोठे अंतरही येथेच दिसते. ‘सीएसआय’च्या त्या भागात गुपित बाहेर येते, कारण आरोपी श्रीमंत आहे, त्याच्यापाशी वकील आहे, स्वतंत्र तज्ज्ञ आहे आणि सुनावणी होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ मध्ये नमूद केल्याप्रमाणे राज्य न्यायालयांतील सुमारे ९४ टक्के दोषसिद्धी या आरोपीच्या गुन्हा-कबुलीवर आधारलेल्या असतात. डूखन व फराक यांच्या अहवालांमुळे शिक्षा झालेल्यांपैकी बहुतेकांनीही गुन्हा कबूल केला होता. प्रयोगशाळेचा अहवाल विरुद्ध गेलेला असताना गरीब आरोपीने खटला लढविण्याची जोखीम का घ्यावी? कमी शिक्षेचा सौदा तो पत्करतो. साक्षीदाराचा पिंजरा रिकामाच राहतो. ‘मेलेंडेझ-डियाझ’ निर्णयाने दिलेला उलटतपासणीचा हक्क कागदावर होता, परंतु तो बजावण्याचा प्रसंगच फारसा आला नाही.

भारतीय प्रक्रियेतील स्थान

आपल्याकडे ज्युरी नाही आणि गुन्हा-कबुलीच्या सौद्याची अमेरिकन पद्धतही त्या प्रमाणात रुजलेली नाही. तरी विश्लेषकाच्या सहीचे महत्त्व कमी नाही. न्यायालयाच्या आवारात ‘सी. ए. रिपोर्ट’ या नावाने ओळखला जाणारा रासायनिक विश्लेषकाचा अहवाल अमली पदार्थ, विषप्रयोग, मद्यप्राशन अशा प्रकरणांत निर्णायक ठरतो. महाराष्ट्रात हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा करतात. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम २९३ नुसार शासकीय तज्ज्ञाचा असा अहवाल त्याच्या तोंडी साक्षीशिवाय पुरावा म्हणून वापरता येत असे. न्यायालयास योग्य वाटल्यास तज्ज्ञास बोलावण्याचा अधिकार त्याच कलमात होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये ही तरतूद कायम आहे. याच संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळास भेट देण्याची तरतूद कलम १७६ मध्ये नव्याने केली आहे; राज्यांनी ती टप्प्याटप्प्याने, पाच वर्षांच्या आत लागू करावयाची आहे. म्हणजे प्रयोगशाळांवरील भार, आणि एकेका सहीवर अवलंबून असलेल्या खटल्यांची संख्या, वाढत जाणार आहे.

तज्ज्ञास प्रत्येक खटल्यात साक्षीसाठी बोलावले तर प्रयोगशाळेतील काम ठप्प होईल, हा कलम २९३ मागील विचार व्यवहार्य होता आणि आजही आहे. जिल्ह्याच्या न्यायालयात दिवसभर ताटकळून साक्ष न होताच परतणारा विश्लेषक हे आपल्याकडील परिचित दृश्य आहे. परंतु या सवलतीचा आधार विश्लेषकाविषयीचा विश्वास हाच आहे, आणि तो विश्वास ढळल्याची माहिती न्यायालयास मिळाल्याशिवाय त्यास बोलावण्याचा अधिकार वापरला जाण्याची शक्यता कमी.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये फौजदारी खटल्यांतील उणिवांसंबंधी स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात एक पाऊल पुढे टाकले. तपास अधिकाऱ्याने जप्त केलेल्या, परंतु दोषारोपपत्रात आधार म्हणून न घेतलेल्या जबाबांची, कागदपत्रांची व वस्तूंची यादीही आरोपीस दिली जावी, असे त्या प्रकरणातील नमुना नियमांत नमूद आहे. अ‍ॅम्हर्स्टच्या त्या मोटारीतील कागदांसारखी वस्तू जप्तीत असेल, तर ती निदान यादीत दिसेल. परंतु विश्लेषकाविरुद्ध चालू असलेली खातेनिहाय चौकशी ही जप्त वस्तू नव्हे. ती प्रयोगशाळेच्या आस्थापना शाखेतील एका गोपनीय धारिकेत असते. त्या विश्लेषकाच्या सहीचा अहवाल ज्या खटल्यांत दाखल आहे, त्या न्यायालयांना किंवा आरोपींना तिच्याविषयी कळवावे, असे कलम ३२९ मध्ये कोठेही म्हटलेले नाही.